एअरबॅग म्हणजे फुगा नव्हे, बे!

"एअरबॅगमध्ये नुसती हवा असते. भंगारातून एक आणा, वर पातेलं ठेवा, बॅटरीची वायर लावा, ताकद घरीच तपासा." हा व्हिडिओ सध्या सोलापुरातल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. आमच्या भाच्यानं तर भंगारवाल्याकडून स्टेअरिंगचा मधला भाग उचलून आणला आणि मला विचारतो, "मामा, तुमच्या गाडीची बॅटरी देता का जरा?" दिली नाही. का, ते सांगतो.

आत हवा नसतेच. पिशवीमागे धातूचा बंद डबा, इन्फ्लेटर, आणि त्यात रसायनाच्या गोळ्या. करंट मिळाला की त्या पेटतात, गरम वायू सुटतो आणि साधारण 30 मिलीसेकंदांत पिशवी फुगते. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. गाडीत हा डबा स्टेअरिंगला घट्ट कसलेला असतो. अंगणातल्या फरशीवर त्याला धरून ठेवणारं कोण? पातेल्याबरोबर डबाही उडणार, आणि वायर लावणारा हातभर अंतरावर वाकून उभा! बरं, डबा धड असेल याची तरी खात्री काय? एअरबॅग बनवणाऱ्या जपानच्या ताकाता कंपनीचे इन्फ्लेटर आठवा. आतलं अमोनियम नायट्रेट हे रसायन बिघडून, एअरबॅग उघडताना डबेच फुटले, धातूचे तुकडे माणसांच्या गळ्यात-छातीत घुसले. अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा संस्थेच्या नोंदीप्रमाणे तिथे 25 हून अधिक माणसं गेली, सुमारे 6 कोटी 70 लाख एअरबॅगा परत मागवाव्या लागल्या. भंगारातला डबा कोणाचा, किती जुना, हे व्हिडिओवाला सांगतो का?

"सोलापूरच्या उन्हात उभ्या गाडीत एअरबॅग आपोआप फुटते" हाही त्यातलाच दावा. नुसत्या उन्हानं फुटत नाही. पण वर्षानुवर्षांच्या उष्णता-दमटपणानं ताकाताचं रसायन बिघडत होतं, एवढं खरं. नाइलाजानं मान्य.

"एअरबॅग असेल तर सीटबेल्ट नको" यावर काय बोलायचं? बेल्ट नसेल तर धडकेआधी ब्रेक दाबताच माणूस पुढे फेकला जातो आणि धडकेत फुगणारी पिशवी थेट तोंडावर बसते.

आपली एअरबॅग ठीक आहे का, हे बघायला पातेलं लागत नाही. चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझतो. विझलाच नाही किंवा लागलाच नाही, तर गाडी सर्व्हिस सेंटरला न्या.