ऑटोमन म्हणजे नुसता दांडगावा? तीन दावे, तीन उत्तरं

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्यात तीन दावे आहेत: ऑटोमन तुर्कांची, म्हणजे इस्तंबूलहून राज्य करणाऱ्या सुलतानांची, परदेशात वकिलात नव्हती, म्हणून त्यांना युरोपची खबर नसे, हेरगिरी ही व्हेनिसची मक्तेदारी, आणि तुर्क जिंकले ते तोफा व संख्येच्या बळावर.

वकिलातीचं खरं आहे. त्यांची पहिली कायम वकिलात लंडनला १७९३ मध्ये सुरू झाली. पण खबर मिळवायला वकिलातच लागते, हे कुणी ठरवलं? रागुसा, म्हणजे आजचं दुब्रोव्हनिक, सुलतानाला खंडणी देई आणि पश्चिमेच्या बातम्याही पुरवी. इस्तंबूलच्या बातम्या पश्चिमेलाही तेच पुरवत, हेही तितकंच खरं.

व्हेनिसच्या मक्तेदारीचं उत्तर व्हेनिस आणि ऑटोमन यांच्यातल्या १५४० च्या तहात आहे. अल्विझे बादोएर हा व्हेनिसचा वकील इस्तंबूलला बोलणी करत होता. अगदीच नाइलाज झाला तर नाफ्प्लियो आणि मोनेमवासिया ही ग्रीसमधली व्हेनिसची ठाणी सोडायची मुभा त्याला होती, पण ती अत्यंत गुप्त. तुर्कांना ती आधीच कळलेली! ते मागणीवरून हटले नाहीत आणि दोन्ही ठाणी त्यांनी घेतली. १५४२ मध्ये उलगडा झाला. व्हेनिसचेच सरकारी चिटणीस, कावाझ्झा बंधू, फ्रेंच वकिलाला गुपितं विकत होते. फ्रान्स तेव्हा हाब्सबुर्गांविरुद्ध, म्हणजे स्पेन-ऑस्ट्रियाच्या राजघराण्याविरुद्ध, सुलतानाचा दोस्त, त्यामुळे ती थेट सुलतानाच्या दरबारात पोचत. समोरच्याच्या घरातला फितूर आणि दोस्ताचा वकील, एवढ्यावर काम झालं. याला अडाणीपणा म्हणायचं?

राहिला दांडगावा. १५६६ मध्ये हंगेरीतल्या सिगेतवारच्या वेढ्यात, किल्ला पडायच्या तोंडावर, सुलतान सुलेमान छावणीत वारला. बातमी फुटती तर फौज बिथरली असती. वजीर सोकोलू मेहमेद पाशाने ती सुमारे सात आठवडे दाबली. सुलतानाच्या नावाने हुकूम सुटत राहिले, आणि शाहजादा सेलीमला गुपचूप निरोप गेला. म्हणजे ही हूल शत्रूइतकीच स्वतःच्या फौजेलाही होती.

मग गैरसमज का? माझ्या मते कारण दप्तरांत आहे. व्हेनिसमध्ये दहा जणांचं मंडळ हेरगिरीचे कागद जपून ठेवी. ऑटोमनांकडे असं एक खातं नव्हतं. पाशा आणि सरहद्दीवरचे सुभेदार आपापले बातमीदार पदरी ठेवत, आणि त्यांची बरीच बातमी तोंडीच पोचे.