रुळांच्या पलीकडचा पोरगा

गेले काही दिवस एक चौदा वर्षांचा पोरगा डोक्यातून जात नाहीये. जॉर्ज स्टिनी. आपल्याकडे हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नसेल, म्हणून लिहितेय.

मार्च १९४४. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात अल्कोलू नावाचं गाव, लाकडाच्या गिरणीवर जगणारं. मधून रेल्वेचे रूळ, एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला काळे. जॉर्ज आणि धाकटी बहीण एमी रुळांपाशी गाय चारत बसले होते. सायकलवरून बेटी जून आणि मेरी एमा या दोन गोऱ्या मुली आल्या. कृष्णकमळाच्या जातीची रानफुलं कुठे मिळतील, एवढं विचारून पुढे गेल्या. दुसऱ्या दिवशी दोघींचे मृतदेह पाण्याच्या चरात सापडले. डोकी फुटलेली.

पोलिसांनी जॉर्जला उचललं. आईवडील जवळ नसताना चौकशी केली आणि गुन्हा कबूल झाला म्हणून सांगितलं. त्याच्या सहीचा कबुलीजबाब आजवर समोर आलेला नाही. बापाची गिरणीतली नोकरी गेली, घरही गिरणीचंच, तेही गेलं. जिवाच्या भीतीने सगळं कुटुंब गाव सोडून गेलं. पोरगा एकटा उरला.

२४ एप्रिलला खटला सुरू झाला आणि त्याच दिवशी संपला. ज्युरीत बारा गोरे पुरुष, निकालाला लागली दहा मिनिटं. सरकारने दिलेल्या वकिलाने एकही साक्षीदार उभा केला नाही, अपीलही केलं नाही. १६ जूनला विजेच्या खुर्चीत बसवून मृत्युदंड. पोराचं वजन जेमतेम ४३ किलो, खुर्चीचे पट्टे मोठ्या माणसाच्या मापाचे.

डिसेंबर २०१४ मध्ये न्यायाधीश कारमेन मलन यांनी त्याला दोषी ठरवणारा तो निकाल रद्द केला. तेव्हापासून सगळे लिहितात, ‘अखेर न्याय मिळाला’. मला हे अजिबात पटत नाही. कोर्टाने म्हटलं ते इतकंच, की खटला न्यायाने चालला नाही. मग खून केला कुणी? ज्या दिवशी पोलिसांनी एका काळ्या पोराला धरलं, त्या दिवशी खुन्याचा शोधच थांबला. त्या दोन लेकरांवरचा अन्याय तर कुणी मोजतच नाही. माझा सगळ्यात जास्त राग यावर आहे.

२०१४ च्या सुनावणीत एमी कोर्टात आली, सत्तरी ओलांडलेली. तिने सांगितलं, त्या दिवशी जॉर्ज माझ्यासोबत होता, आम्ही गाय चारत होतो. १९४४ च्या खटल्यात तिला कुणी बोलावलंच नव्हतं.