सेलाफिल्डचे डबे आणि तारापूरचं वेळापत्रक

सेलाफिल्ड या अणुकेंद्रात साठलेलं, वापरलेल्या अणुइंधनातून काढलेलं प्लुटोनियम पुन्हा इंधन म्हणून वापरायचं नाही, न विरघळणाऱ्या घट्ट रूपात कोंडून शेवटी खोल जमिनीत गाडायचं, असं ब्रिटनने जानेवारी २०२५ मध्ये ठरवलं. तेव्हापासून भारतातल्या मित्रांचा ठरलेला प्रश्न: जे तिकडे पुरताहेत, ते आपण तारापूरला कशाला काढत बसलोय?

माझ्या मते प्रश्न ‘का’चा नाहीच, ‘कधी’चा आहे. ब्रिटनची डूनरेची वेगवान (प्लुटोनियमवर चालणारी) अणुभट्टी १९९४ला बंद पडली, पण पुनर्प्रक्रिया, म्हणजे वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढणं, २०२२पर्यंत चालूच राहिली. मॉक्सचा, म्हणजे प्लुटोनियम-युरेनियमच्या मिश्र इंधनाचा, कारखाना वर्षाला १२० टनांसाठी बांधला. २०११ला कुलूप लागेपर्यंत सगळं मिळून जेमतेम १३-१४ टन इंधन बाहेर पडलं. देशात मॉक्स जाळणारी एकही भट्टी नाही. गिऱ्हाईक नाही आणि गिरणी चालू! साठा गेला सुमारे १४० टनांवर.

बरं, या साठ्याचे डबे नुसते पडून राहत नाहीत. आतलं प्लुटोनियम-२४१ (प्लुटोनियमचा इंधन म्हणून जळणारा एक प्रकार) दर १४ वर्षांनी निम्मं होतं आणि त्याचं अमेरिशियम-२४१ बनतं. त्याचे गॅमा किरण ६० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचे, म्हणजे तसे दुबळे, शिशाच्या पातळ पत्र्याने अडणारे. पण ग्लोव्हबॉक्सवरच्या (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीवरच्या) माणसाचे हात भुकटीपासून काही सेंटिमीटरवर, मध्ये फक्त हातमोजा. मग जुना माल आधी रासायनिक पद्धतीने शुद्ध करा, नाहीतर आडोसा वाढवून दुरून हाताळा. खर्च दोन्हीकडे.

आता कल्पाक्कम. तिथल्या ५०० मेगावॉटच्या वेगवान भट्टीच्या पहिल्या भरणीला सुमारे २ टन प्लुटोनियम लागतं. जड पाण्याच्या भट्टीतल्या टनभर वापरलेल्या इंधनातून निघतं साडेतीन-चार किलो. म्हणजे ५०० टनांहून जास्त इंधन कापायचं, नायट्रिक आम्लात विरघळवायचं, त्यातून प्लुटोनियम वेगळं काढायचं. पुढे इंधनाच्या १८१ जुडग्या, प्रत्येकीत २१७ कांड्या, तारापूरला घडवलेल्या. युरेनियम तुटपुंजं असलेल्या देशाने हे करावं, याबद्दल माझं दुमत नाही. पण भट्टीची २०१०ची मुदत कधीच उलटली, आणि अमेरिशियम काही मुदतवाढ देत नाही.

म्हणून भट्टीत कांड्या भरायची तारीख नक्की होईपर्यंत वापरलेलं इंधन तलावात किंवा कोरड्या पिंपात राहू द्यावं. प्लुटोनियम-२४१ तिथेही घटेल, तेवढं नुकसान खरं. पण उशिरा पुनर्प्रक्रिया केली की तोवर साचलेलं अमेरिशियम कचऱ्याच्या द्रावणाबरोबर निघून जातं. आधीच वेगळ्या काढलेल्या भुकटीत मात्र ते साचत राहतं. दुसरं म्हणजे, ब्रिटन नागरी साठ्याचा आकडा दरवर्षी जाहीर करतं. भारत करत नाही, त्यामुळे तारापूरला किती भुकटी किती वर्षं पडून आहे, हे चर्चा करणाऱ्यांपैकी कुणालाच सांगता येत नाही.