पंपाने काढलेले दूध शिळे नसते

बाळंतपणाची रजा संपत आलेल्या आयांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा : आईचे दूध काढण्याच्या विजेच्या पंपाने (ब्रेस्ट पंपाने) काढलेले दूध शिळे आणि निःसत्त्व असते, पंप लावल्याने अंगावरचे दूध आटते, पंपात थोडेच दूध आले तर आईला दूध कमी आहे हे ओळखावे, पंपात जंतू वाढतात, तेव्हा कामावर जाणाऱ्या आईने सरळ डब्याची पावडर सुरू करावी. हा मजकूर बहुधा काळजीपोटीच पुढे पाठवला जातो, हे मान्य. पण त्यावर विसंबून नीट चाललेले स्तनपान थांबवले, तर नुकसान आई आणि बाळ दोघांचेही होते.

पहिला आक्षेप शिळेपणाचा. स्वच्छ हातांनी, स्वच्छ भांड्यात काढलेले आईचे दूध 25 अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात 4 तास, फ्रीजमध्ये 4 दिवस आणि चांगल्या फ्रीझरमध्ये साधारण 6 महिने वापरण्याजोगे राहते. फ्रीजमधल्या बाटलीत वर सायीचा पिवळसर थर आणि खाली निळसर पातळ दूध दिसले की घरातली वडीलधारी मंडळी ‘फाटले’ म्हणून ते ओतून देतात. वास्तविक ती केवळ वर आलेली स्निग्धता असते आणि बाटली हलकेच गोल फिरवली की ती पुन्हा मिसळते. गोठवल्याने काहीच बिघडत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. क जीवनसत्त्व कमी होते, जिवंत पेशी बऱ्याच अंशी नष्ट होतात. तरीही संसर्गापासून बाळाला जपणारी प्रतिपिंडे बहुतांशी टिकतात, आणि ती पावडरीत मुळातच नसतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने 1989 साली आशियातली पहिली मानवी दूध पेढी सुरू झाली. अशा पेढ्यांमध्ये मातांनी दिलेले दूध 62.5 अंशांवर 30 मिनिटे तापवून, गोठवून ठेवतात आणि दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या, अगदी नाजूक बाळांना पाजतात. काढून ठेवलेले दूध निःसत्त्व असते, तर त्या बाळांसाठी एवढा खटाटोप कोणी केला नसता.

खरी सावधगिरी वेगळ्याच ठिकाणी हवी, आणि त्या मजकुरात नेमका तिचाच उल्लेख नाही. वर सांगितलेले 4 तास 25 अंशांचे आहेत. एप्रिल-मे महिन्यांतल्या नागपूरच्या किंवा परभणीच्या खोलीचे नव्हेत, आणि दुपारच्या लोकलच्या डब्याचेही नव्हेत. आपल्या उन्हाळ्यात दूध काढल्याबरोबर फ्रीजमध्ये किंवा गोठवलेले आइस पॅक घातलेल्या कूलर बॅगेत ठेवावे. अशा बॅगेत ते 24 तासांपर्यंत चालते. फ्रीजमध्ये ते दारात न ठेवता आतल्या बाजूला ठेवावे, कारण दार उघडले की तिथले तापमान सारखे बदलते. गोठवलेले दूध पूर्ण वितळल्यावर 24 तासांत संपवावे, पुन्हा गोठवू नये. मायक्रोवेव्हमध्ये ते मुळीच तापवू नये. कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवली की पुरते. बाळाने उष्टे केलेले दूध 2 तासांनंतर टाकून द्यावे.

पंपाने दूध आटते, हे विधान तर वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. स्तनातून जेवढे दूध निघते, त्या प्रमाणात नवे तयार होते. ते साठून राहिले, की उत्पादन कमी करण्याचा संदेश स्तनातच निर्माण होतो. आई नऊ-दहा तास घराबाहेर असेल आणि त्या वेळात दूध काढले गेले नाही, तर स्तन दगडासारखे घट्ट होतात, गाठी होतात, आणि हे रोजचे झाले की दूध खरोखरच आटू लागते. दर तीन तासांनी पंप लावणे हा त्यावरचाच उपाय आहे. मात्र पंप चुकीचा लावला तर दूध कमी निघते, आणि मजकुरातला सत्याचा अंश एवढाच. स्तनावर बसणारे फनेल योग्य मापाचे असेल तर बोंडशी नळीत मोकळेपणाने पुढेमागे होते. ती कडेला घासत असेल तर माप लहान आहे, आणि भोवतालची काळसर त्वचाही बरीच आत ओढली जात असेल तर मोठे. ओढ जास्तीत जास्त ठेवल्याने दूध जास्त येते, हाही गैरसमजच; दुखू लागले की पान्हा अडतो. प्रथम हलक्या, जलद ओढीने पान्हा फुटू द्यावा आणि मग ओढ सोसेल तेवढीच वाढवावी.

पंपातल्या दुधावरून आईची क्षमता ठरवणे हे या मजकुरातले सर्वांत क्रूर विधान आहे. बाळ जसे दूध ओढते तसे यंत्राला जमत नाही, आणि थकवा, घाई, दारावर पडणारी थाप यांनीही पान्हा लांबतो. दूध पुरते की नाही हे बाळाच्या वजनावरून आणि लघवीवरून ठरते. एक ते सहा महिन्यांचे बाळ दिवसाकाठी सरासरी 750 मिलिलिटर दूध पिते, म्हणजे दहा तासांसाठी साधारण 300 मिलिलिटर. पंपात एका वेळी 100 मिलिलिटर आले तर तीन वेळांत तेवढे भरते. ते पाजायला बाटलीच हवी असेही नाही. वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले पुरेसे आहे.

जंतूंची भीती निराधार नाही, पण तिला उत्तर सोपे आहे : दुधाचा स्पर्श होणारा प्रत्येक भाग दर वापरानंतर वेगळ्या भांड्यात साबणाच्या गरम पाण्याने धुऊन हवेवर वाळवावा, आणि बाळ तीन महिन्यांहून लहान असेल तर रोज उकळावा. घरगुती पंप दुसऱ्या आईकडून वापरायला घेऊ नये. आणि ज्या पावडरीचा सल्ला दिला जातो, तीही निर्जंतुक नसते, म्हणून ती किमान 70 अंश तापलेल्या पाण्यात कालवावी लागते.

राहता राहिला प्रश्न जागेचा. 1961च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या आणि आता 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतलेल्या तरतुदीनुसार मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला विश्रांतीव्यतिरिक्त दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी सुट्टी मिळते. 2017च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले आणि तिथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा दिली. दूध काढण्याच्या खोलीचा उल्लेख त्यात नाही, म्हणून आजही अनेकींना संडासात उभे राहून पंप लावावा लागतो. आतून कडी लागणारी खोली, एक खुर्ची, विजेचा प्लग, हात धुण्याची सोय आणि फ्रीजमधला एक कप्पा, एवढी मागणी प्रत्येक कार्यालयात लेखी करता येते, आणि ती आईबरोबर तिच्या सहकाऱ्यांनीही केली पाहिजे.