‘काढा’ म्हणजे नेमके काय करा? : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

एआय एजंटांना (म्हणजे भाषा-मॉडेलच्या आधारे स्वतः कामे पार पाडणाऱ्या प्रणालींना) वापरता यावीत म्हणून सॉफ्टवेअर साधनांची वर्णने कशी लिहावीत, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तिचा गाभा एका वाक्यात आहे : “चांगल्या मॉडेलला साधनाच्या नावावरूनच सगळे कळते, कळत नसेल तर मॉडेल बदला, रत्नागिरीत फणसाखाली बसून निबंध कसले लिहिता?” फणस आमच्या परड्यात खरोखरच आहे, मात्र पिकलेले फणस पडायच्या दिवसांत त्याखाली बसण्याइतका मी बेफिकीर नाही. मतभेदाला माझी हरकत नाही. पण पुण्यातल्या एका कंपनीत ज्याने अकरा वर्षे केवळ मार्गदर्शिका लिहिण्याचेच काम केले, त्याच्या म्हणण्याचा निकाल त्याचा पत्ता पाहून लावणे कोणत्या शिष्टाचारात बसते, हे आपणच सांगावे.

आपली एक दुरुस्ती मान्य करतो. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे मॉडेलला बाहेरची साधने जोडण्याच्या ठरावीक पद्धतीत, साधनाचे वर्णन सक्तीचे आहे, असे मी लिहिले होते. ते चूक आहे. नाव आणि इनपुट स्कीमा (साधनाला कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा) आवश्यक असतात, वर्णन ऐच्छिक असते. ऐच्छिक असल्यामुळेच ते कोणी धड लिहीत नाही, ही तर माझी मूळ तक्रार होती; पण ते असो.

आता ‘नावावरून कळते’ याविषयी. इथल्या एका बागायतदारासाठी मी आंब्याच्या पेट्यांच्या नोंदी ठेवणारी छोटी प्रणाली केली आणि तिची साधने एजंटला जोडून दिली. त्यांतल्या एका साधनाचे नाव होते ‘नोंदी_काढा’ आणि वर्णन होते ‘दिलेल्या तारखेच्या नोंदी काढते’, एवढेच. ऐन एप्रिलमध्ये बागायतदारांच्या मुलाने एजंटला सांगितले, “कालच्या नोंदी काढ.” त्याला वाशीच्या बाजारात गेलेल्या पेट्यांची यादी हवी होती. साधनाचे काम मात्र नोंदी पुसण्याचे होते, आणि त्या पुसल्या गेल्या. हातवहीवरून एकेचाळीस नोंदी पुन्हा भरताना रात्रीचे दोन वाजले. बिल काढतात तेव्हा ते तयार होते, डाग काढतात तेव्हा तो नाहीसा होतो, आणि कपाटातून कागद काढतात तेव्हा तो हाती येतो. आपण सुचवता ते सर्वोत्तम मॉडेल आणले असते, तरी माझ्या मनातला ‘काढा’ यांपैकी कोणता, हे त्याला कुठून कळणार होते? साधनाच्या आतला कोड मॉडेलपुढे नसतो. नाव, वर्णन आणि स्कीमा एवढेच असते. कितीही हुशारी असली, तरी जो मजकूर लिहिलेलाच नाही तो वाचता येत नाही.

हे मी संगणकावर शिकलो नाही. माझ्या लहानपणी आमच्या बागेत एक नवा नेपाळी गडी आला होता, कामाला अतिशय चपळ. वडिलांनी त्याला सांगितले, “खालच्या कलमाचे आंबे काढ.” त्याने दुपारपर्यंत कोवळ्यासकट सगळे कलम रिकामे केले. दुसऱ्या दिवसापासून वडिलांचे सांगणे बदलले : चौदा आणे तयार झालेलेच काढायचे, देठ ठेवून काढायचे, कोवळ्याला हात लावायचा नाही, आणि शंका आली तर फळ झाडावरच ठेवून मला हाक मारायची. गडी मंद असता तर नुकसान निदान कमी झाले असते. ‘गडी बदला’ असा सल्ला तेव्हा कोणी दिला नाही, कारण चूक सांगण्यात होती.

त्या साधनाचे वर्णन आता असे आहे : ‘दिलेल्या तारखेच्या सर्व नोंदी कायमच्या पुसते. पुसलेल्या नोंदी परत आणता येत नाहीत. नोंदी केवळ पाहायच्या असतील तर हे साधन वापरू नये, “नोंदी_दाखवा” वापरावे. तारीख २०२५-०४-१७ अशा क्रमाने द्यावी.’ नावही ‘नोंदी_पुसा’ असे केले आहे. यालाच आपण निबंध म्हणत असाल, तर शब्दांच्या अर्थाबाबतही आपले एकमत नाही, असे समजतो.

लांब वर्णनांनी टोकन (मॉडेल मजकूर ज्या छोट्या तुकड्यांत वाचते ते) खर्च होतात, हा आपला दुसरा मुद्दा. त्यावर मूळ लेखात एक परिच्छेद आहे. शेवटपर्यंत वाचणाऱ्यांना तो सापडला आहे. विध्वंसक साधनावर ‘डिस्ट्रक्टिव्ह हिंट’ (हे साधन काही नष्ट करू शकते, अशी खूण) लावली की झाले, असेही आपण म्हणता. ती नावाप्रमाणेच सूचना आहे, कुलूप नव्हे, आणि यादी पाहायची तर कोणते साधन घ्यावे हे ती सांगत नाही.

साधनाचे धोके वर्णनात आधीच लिहिण्याला आपण ‘भाबडे’ म्हटले, तो शब्द मात्र मला लागला. नोव्हेंबर १९७१ मध्ये युनिक्स या संगणक-कार्यप्रणालीची पहिली नियमपुस्तिका निघाली, तेव्हाच तिच्या पानांवर आज्ञेतले दोष सांगण्यासाठी ‘बग्ज’ असा वेगळा भाग होता. आपल्याच साधनात काय बिघडू शकते हे वापरणाऱ्याला आधी सांगणे भाबडेपणाचे असेल, तर तो भाबडेपणा मला चालेल.

प्रोटोकॉलविषयीची दुरुस्ती आज रात्री मूळ लेखात होईल. तिच्याखाली आपले श्रेय नोंदवावयाचे आहे. त्यासाठी टोपणनाव चालणार नाही, खरे नाव कळवावे.