आठ कॅमेरे लावले म्हणून वॉचमन काढू नका

सांगलीच्या मार्केट यार्डापासून कुपवाड एमआयडीसीपर्यंत सध्या एक मेसेज फिरतोय: ‘गोदामाला ८ कॅमेरे आणि २ टीबीची डिस्क बसवा. रात्रीही चेहरा स्वच्छ, महिनाभराचं रेकॉर्डिंग, सगळं मोबाईलवर. वॉचमनचा पगार वाचवा.’ यातलं मोबाईलवर दिसतं एवढं खरं.

महिनाभराचं रेकॉर्डिंग? ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ४ एमबीपीएस बिटरेटवर (सेकंदाला ४ मेगाबिट साठवत) सतत चालला की दिवसाला ४३ जीबी खातो. आठ मिळून साधारण ३४५ जीबी. डिस्क सहाव्या दिवशी भरते आणि जुनं पुसत जाते. एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबून साठवायची पद्धत) लावून बिटरेट निम्मा केला तरी अकरा-बारा दिवसांच्या पुढे गाडी जात नाही. हळदीची पोती कमी असल्याचं कळतं महिनाअखेरच्या मोजणीत, तोवर त्या रात्रीचं फुटेज गेलेलं असतं. तीस दिवस हवेत तर निम्म्या बिटरेटलाही ६ टीबी धरा.

चेहऱ्याचं म्हणाल, तर अनोळखी माणसाची ओळख पटायला दृश्याच्या दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल (चित्राचे ठिपके) लागतात. ४ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी २५६० पिक्सेल, म्हणजे दहा मीटर रुंदीचंच दृश्य चालतं. सर्रास बसवतात त्या रुंद दृश्याच्या २.८ मिमी लेन्सला ही मर्यादा कॅमेऱ्यापासून चार-साडेचार मीटर अंतरावर संपते. त्यापुढे कुणीतरी आलं एवढंच कळतं, आणि तेही दिवसा. रात्री चालता माणूस नुसता फराटा दिसतो. त्यात काचेवर हळदीची धूळ, लेन्ससमोर कोळ्याचं जाळं. कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड (अंधारात बघायचा अदृश्य) प्रकाश त्यावरच आपटतो आणि पडदा पांढरा. पत्र्याखाली पाच मीटरवर टांगलेल्या कॅमेऱ्यात तर फक्त टोप्या येतात. फाटकाशी एक तरी कॅमेरा ६ किंवा ८ मिमी लेन्सचा, अडीच-तीन मीटर उंचीवर लावा आणि तिथला दिवा रात्रभर चालू ठेवा.

आता वॉचमन. इथे हिशोब मिनिटांचा आहे. मालक विश्रामबागला झोपलेला; अलर्ट वाजला, जाग आली, गाडी काढली, कुपवाडला पोचला, यात वीस मिनिटं सहज जातात. शटरचं कुलूप बोल्ट कटरने मिनिटभरात तुटतं. शिवाय चोर आल्याचं शटरपाशी कळत असेल, तर आधीच्या तारेच्या कुंपणाने खाल्लेला वेळ आपल्या उपयोगाचा नाही. म्हणून बीम सेन्सर (अदृश्य किरण तुटला की अलर्ट देणारा) कंपाऊंडवर हवा. शटरचं सेंटर लॉक, आतली जाळी हे अडथळे त्याच्या मागे. तरीही वीस मिनिटं भरत नाहीत, म्हणून जागेवर माणूस लागतो. चोवीस तासांची एक जागा आठ तासांच्या पाळीने चालवायला सुट्ट्या धरून चार माणसं लागतात. ते परवडत नसेल तर निदान रात्रपाळी ठेवा. नुसत्या मोबाईल अलर्टवर विसंबू नका. कुत्री, पाऊस, किडे यांनी तो इतका वाजतो की आठवड्यात आवाज बंद केला जातो.

लाइट गेली तर? इन्व्हर्टरवर फक्त रेकॉर्डर जोडलेला सापडतो. कॅमेऱ्यांच्या वायरी जोडणारा नेटवर्क स्विच आणि इंटरनेटचा राउटर बंद. तिन्ही जोडा.

रेकॉर्डर मालकाच्या टेबलावर नको, चोर तोच उचलतो. कुलूपबंद रॅकमध्ये, वरच्या मजल्यावर ठेवा. वरचा मजला पुरासाठी: २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट.

फुटेज कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार झाला की बदलणारा तिचा ओळख-कोड) असते. रेकॉर्डरचं घड्याळ मात्र आजच इंटरनेट वेळेशी जुळवून ठेवा.