‘.३०८ पुरत नाही’ : नेमबाजकाकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नेमबाजकाका, नमस्कार.

उत्तराला दहा दिवस लावले, माफ करा. तुमची प्रतिक्रिया चार ओळींत झटकून टाकण्यासारखी नव्हती. लिहायला बसलो तर उत्तर मूळ लेखाएवढं झालं, म्हणून वेगळंच टाकतोय.

ज्यांनी मागचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की दक्षिण आफ्रिकेत किंवा नामिबियात ‘प्लेन्स गेम’साठी, म्हणजे हत्ती, म्हैस, सिंह वगैरे सोडून इम्पाला, वॉर्टहॉग, कुडू, वाइल्डबीस्ट या जनावरांसाठी येणाऱ्याने कॅलिबरवरून, म्हणजे किती जाड गोळीची रायफल हवी यावरून, रात्री जागवू नयेत. .३०८ हे मध्यम ताकदीचं रायफलचं काडतूस पुरते, डोकं गोळीच्या निवडीवर खर्च करावं. त्यावर ‘जुना नेमबाज’ या नावाने काकांनी लिहिलं: ‘तुम्ही नवख्यांची दिशाभूल करताय. आफ्रिकेतलं जनावर चिवट असतं, तिथे मॅग्नमच (जादा दारूचं, जादा वेगाचं काडतूस) हवी. ताकद जास्त असली की नेम थोडा चुकला तरी निभावतं. मी नामिबियात .३०० विनमॅग (अशीच एक मॅग्नम) आणि १५० ग्रेनच्या (साधारण दहा ग्रॅमच्या) साध्या सॉफ्ट पॉइंटने (टोकाला उघडं शिसं असलेल्या गोळीने) २४० मीटरवर गेम्सबॉक हे मोठं हरण जागेवर पाडलं. तांब्याच्या महाग गोळ्यांचं कौतुक हे निव्वळ फॅड आहे. माझा पुतण्या ह्यूस्टनहून येत्या जूनमध्ये लिंपोपोला (दक्षिण आफ्रिकेचा उत्तरेकडचा प्रांत) जातोय, त्यालाही मी हेच सांगितलंय.’

पुतण्याचं वाक्य नसतं तर कदाचित मी एवढं लिहिलं नसतं.

तुमच्या गेम्सबॉकबद्दल मला तिळमात्र शंका नाही. फक्त हिशेब मांडू. .३०० विनमॅगमधून १५० ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला ३२०० फुटांच्या आसपास वेगाने सुटते. २४० मीटर जाईपर्यंत हवेने तिचा दम काढलेला असतो, वेग साधारण २५०० वर येतो. आता .३०८ घ्या. तेवढ्याच वजनाची गोळी २८०० ने सुटते आणि शंभरेक मीटरवर तिचाही वेग २५०० च्या जवळपास असतो. म्हणजे तुमची गोळी गेम्सबॉकवर आदळली तेव्हा वेगापुरती ती .३०० ची राहिलीच नव्हती. जवळून झाडलेल्या .३०८ चंच काम तिने केलं, आणि छान केलं. साधी सॉफ्ट पॉइंट त्याच वेगासाठी बनलेली असते.

पण पुतण्या चाललाय लिंपोपोला. तिथे तुमच्यासारखं उघडं माळरान नाही. काटेरी झुडपांचा बुशवेल्ड आहे, बाभळीच्या रानात उभं राहिल्यासारखं वाटतं. जनावर दिसतं ते पन्नास, ऐंशी, फार तर सव्वाशे मीटरवर. तिथे तीच गोळी तीन हजारांच्या वेगाने हाडावर आदळणार. मग काय होतं ते मी स्वतः बघितलंय, आणि सांगताना आजही मान खाली जाते.

मी इकडे दक्षिण आफ्रिकेत नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका मित्राची .३०० विनमॅग मागून आणली होती, दुकानात मिळाली ती १५० ग्रेनची स्वस्त काडतुसं घेतली होती. लिंपोपोतल्याच थाबाझिंबीच्या बाजूचं एक फार्म, जुलैतली सकाळ, हात गारठलेले. साठ पावलांवर ब्लू वाइल्डबीस्टचा नर जरा तिरका उभा. मी फऱ्यावर नेम धरला, चाप ओढला, ‘थप्प’ असा आवाज ऐकू आला. तो आवाज आला की नवखा खूश होतो. नर उडाला, वळला, कळपात मिसळला आणि गेला. माग काढणाऱ्या ट्रॅकरला पहिल्या शंभर पावलांत रक्ताचे दहाबारा थेंब सापडले, पुढे तेही नाहीत. खुरांच्या मागावरून आम्ही साडेचार तास चाललो. शेवटी तो मागे पडलेला, पण अजून उभा असलेला सापडला आणि दुसऱ्या गोळीने त्याची सुटका झाली.

सोलताना सगळं कळलं. फऱ्याच्या हाडावर गोळीच्या चिंध्या झाल्या होत्या. तळहाताएवढ्या जागेत मांसाचा लगदा, कातडीखाली तांब्याच्या आवरणाचा चुरगळलेला तुकडा, आणि छातीच्या पोकळीत शिशाचे दोनचार कण. फुप्फुसापर्यंत धड काही पोचलंच नव्हतं. नेम वाईट नव्हता, ताकद तर हवी त्याहून जास्त होती. गोळीने अवसान सोडलं. ट्रॅकर काही बोलला नाही, फक्त तो तांब्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

हा काही माझा शोध नाही. १९४६ साली कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये जॉन नॉस्लर नावाच्या माणसाच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूस या मोठ्या हरणावर अशाच फुटल्या. त्याच्या हातात होती .३०० एच अँड एच मॅग्नम. त्यातून त्याने मधोमध तांब्याची भिंत असलेली गोळी घडवली: पुढचा कप्पा फुलून उलगडतो, मागचा शाबूत राहून आत घुसतो. १९४८ पासून ती ‘पार्टिशन’ या नावाने विकली जाते. मॅग्नमचे वेग वाढले तशी गोळ्यांची बांधणी बदलावी लागली. तुम्ही मात्र पुतण्याला नवी रायफल आणि जुनी गोळी देताय.

उलट बाजूही बघा. इथल्या डच वंशाच्या बोअर लोकांनी इंग्रजांशी १८९९ ते १९०२ चं युद्ध ज्या माउझर रायफलींनी लढलं त्या ७×५७ च्या, म्हणजे सात मिलिमीटरच्या जुन्या काडतुसाच्या. आजही इथल्या कितीतरी फार्मवर आजोबांची ७×५७ कपाटात असते आणि दर हिवाळ्यात कुडूवर चालते. जुन्या धाटणीची १७५ ग्रेनची लांब, जड गोळी, वेग जेमतेम २४००. कागदावर ती तुमच्या मॅग्नमपुढे म्हातारी दिसते. पण गोळी व्यासाच्या मानाने जड आहे आणि सावकाश जाते, म्हणून तुटत नाही, आत शिरते आणि बरेचदा पलीकडून बाहेरही पडते. आरपार गेली की दोन भोकं, दोन्हीकडून रक्त, माग काढणं सोपं.

इथे कोणीतरी करामोजो बेल या जुन्या हत्ती-शिकाऱ्याचं नाव काढेलच. त्याने ७ मिलिमीटरने शेकड्यांनी हत्ती मारले हे खरं. पण तो फुलणाऱ्या गोळ्या वापरत नव्हता, पूर्ण आवरणाच्या अखंड गोळ्या मेंदूवर मारायचा, आणि हत्तीच्या कवटीचा त्याचा अभ्यास जन्माचा होता. .३०८ चं समर्थन करायला बेलला आणणाऱ्यांचाही मला कंटाळा आलाय.

नियमाचं म्हणाल तर तुम्ही जिथे जाऊन आलात त्या नामिबियातच कुडू, गेम्सबॉक अशा मोठ्या हरणांसाठी नळीपाशी किमान २७०० जूल ऊर्जा लागते. स्प्रिंगबॉकसारख्या लहान हरणासाठी १३५०. साधी .३०८ साडेतीन हजारांच्या वर देते. तिथलं सरकार पुरेशी म्हणतंय, मी वेगळं काय म्हटलं?

आता ‘नेम चुकला तरी निभावतं’ याबद्दल. काका, तुम्ही रेंजवर आयुष्य घालवलंय, तुम्ही हे लिहावं याचं मला आश्चर्य वाटलं. आतड्यात लागलेली .३०० ची गोळी आतड्यातच लागलेली असते. ताकदीने गोळी चार बोटं पुढे सरकत नाही. सारख्या वजनाच्या रायफलीत .३०० चा धक्का .३०८ च्या दीडपट असतो, आणि तो नेम बिघडवायला नक्की मदत करतो. इथे पोचल्यावर फार्मवरचा प्रोफेशनल हंटर, म्हणजे शिकारीला सोबत नेणारा वाटाड्या, पाहुण्याला आधी पुठ्ठ्याच्या निशाणावर दोनतीन गोळ्या झाडायला लावतो. सगळ्यांना वाटतं, प्रवासात स्कोप हललाय का हे तो बघतोय. तेही बघतो, पण त्याची नजर पाहुण्याच्या डोळ्यांवर असते. चाप ओढण्याआधी डोळे मिटले, खांदा आखडला, की तो मनातल्या मनात ठरवतो: याला शंभर मीटरच्या आत न्यायचं. नवीकोरी मॅग्नम घेऊन आलेल्यांचे डोळे जास्त मिटतात, हे मला एकाने नाही, तिघाचौघांनी सांगितलंय.

आणि नेम कुठे धरायचा हा इथला वेगळाच धडा. फऱ्याच्या मागे, छातीच्या मध्यावर, हे आपल्या डोक्यात बसलेलं असतं. इथल्या हरणांचं हृदय त्याहून पुढे आणि खाली असतं, जवळजवळ दोन फऱ्यांच्या मध्ये. जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या रेषेने वर या आणि छातीच्या तळापासून एक तृतीयांश उंचीवर थांबा. वाइल्डबीस्ट इथे हमखास फसवतो. त्याचे खांदे उंच, वर आयाळ, अंगाचा आकार डोळ्याला भलताच मोठा दिसतो. माणूस ‘मध्य’ शोधतो आणि गोळी पाठीच्या कण्याजवळून निघून जाते. ‘आफ्रिकेतलं जनावर चिवट’ या ख्यातीतला बराच वाटा असल्या वरून गेलेल्या गोळ्यांचा आहे, असं माझं मत झालंय.

तांब्याच्या गोळ्यांवर तुमचा राग थोडा रास्त आहे. मी कौतुक केलं आणि अटी सांगायला विसरलो. अखंड तांब्याची गोळी फुटत नाही, वजन राखते, आत खोल जाते, मांसात शिशाचे कण राहत नाहीत. इथे ते मांस खाटकाकडे, बिलटाँगला (वाळवलेल्या मांसाला) आणि फार्मवरच्या कामगारांच्या घरी जातं, आणि फेकलेली आतडी गिधाडं खातात, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं. पण तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. .३०८ मध्ये १८० ऐवजी १५० ग्रेनची घ्यावी लागते. वेग १८००-२००० फुटांच्या खाली गेला की ती नीट फुलत नाही, पेन्सिलने भोक पाडल्यासारखी निघून जाते. म्हणजे .३०८ मधून फार लांबच्या नेमाला ती नको. आणि तुमची रायफल तिला मानते की नाही हे घरी कागदावर बघूनच यायचं. किमतीचं म्हणाल तर जनावराचं रक्त सांडलं की ते सापडो न सापडो, पूर्ण फी भरावी लागते. आठवड्यात जनावरांवर झाडल्या जाणाऱ्या सातआठ गोळ्या. तिथे काटकसर करून कुडूच्या फीचा जुगार खेळायचा का, एवढंच विचारतो.

तांबं नको तर आवरण आणि शिसं एकजीव केलेली बॉन्डेड गोळी घ्या, किंवा नॉस्लरची जुनी पार्टिशन. मी गेली कित्येक वर्षं .३०८ मध्ये १८० ग्रेनची बॉन्डेड वापरतो. फार चपळ नाही. दोनशे मीटरवर नेम जुळवला तर तीनशेवर ती वीतभराहून थोडी जास्त खाली जाते, पण तीनशेवर मी झाडतच नाही.

तुमचं बरोबर कुठे आहे तेही सांगतो. मी ‘.३०८ सगळ्याला पुरते’ असं लिहिलं होतं. ते वाक्य आज बदलतोय. इलंड हरणाचा नर आठनऊशे किलोपर्यंत जातो, जवळजवळ गव्याच्या घरचा. त्याला .३०८ ने पाडणारे आहेत, पण पाहुण्याच्या हातात मला .३७५ (आणखी जाड गोळीची रायफल) बघायला आवडेल, निदान .३०० तरी. दक्षिण आफ्रिकेतल्याच कारूच्या उघड्या माळावर स्प्रिंगबॉक अडीचशे-तीनशे मीटरवर उभा असतो आणि वारा थांबत नाही, तिथेही तुमची मॅग्नम माझ्यापेक्षा सरस. बाकी कुडू आपल्या नीलगायीच्या अंगाचा, इम्पाला चितळाहून किंचित हलका. माप डोळ्यांसमोर आणायला हे पुरे. (भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. ‘हे वाचून गावाकडची पोरं बिघडतील’ अशी काळजी एका ताईंनी व्यक्त केली होती, त्यांना हेच उत्तर.)

आता पुतण्याचं. त्याने स्वतःची .३०० खुशाल आणावी, त्याच्या सवयीची आहे म्हणता. फक्त १५० ग्रेनच्या साध्या पेट्या घरी ठेवाव्यात. १८० ग्रेनची बॉन्डेड किंवा पार्टिशन घ्यावी, आणि बाकावरून नाही तर उभ्याने, तीन काठ्यांच्या टेकूवरून चाळीसपन्नास गोळ्या झाडून यावं. इथे नेम बहुतेक असाच धरावा लागतो. विमानात माणशी ५ किलोपर्यंतच काडतुसं चालतात आणि ती ज्या रायफलीचा परवाना काढलाय तिचीच लागतात. सामान चुकलं तर लिंपोपोतल्या गावातल्या दुकानात .३०८, .३०-०६ ही नेहमीची काडतुसं सहज मिळतात, .३०० ची हवी ती गोळी मिळेलच असं नाही, म्हणून फार्मवाल्याला आधी विचारून ठेवावं.

तो कुठल्या फार्मवर जातोय, हे कळवाल? आणि त्याच्या यादीत वाइल्डबीस्ट आहे का, तेही.